त्याला काय आवडायचं

बाई : पुन्हा म्हणा, सर. आणि हळू. इथे कुणी बुडत नाहीये.

सर : सवय जाते होय? एकतीस वर्षं तरणतलावाच्या काठावर उभा राहून ओरडलोय. बरं, ऐका. मे गुस्ता, मला आवडतं. मे गुस्ताबा, मला आवडायचं. मे गुस्तो, मला आवडलं, त्या एका वेळी. मे गुस्तारा, मला आवडेल. आणि ते शेवटचं शेपटीवालं, मे गुस्तारीआ. मला आवडेल, पण जमलं तर.

बाई : अरे वा! आणि मी म्हणत होते, पालथ्या घड्यावर पाणी.

सर : बेडके, वयाचा मान ठेव जरा.

बाई : वर्गात बेडकी म्हणायचं नाही, ठरलंय आपलं. तलावावर तुम्ही सर होतात तेव्हा मी मुकाट ऐकायचे. इथे मी बाई.

सर : मुकाट? तू? आठव्या वर्षी उंच फळीवरून उडी मारलीस, तीसुद्धा किंचाळत. बरं, बाई तर बाई. पण बाई, हे आवडण्याचं प्रकरण सोपं आहे हो. स्पॅनिश इथे अगदी आपल्यासारखी वागते. मला आवडतं, त्याला आवडतं. आपण काही करायचं नाही. आवडणारी गोष्टच येते आणि आपल्याला चिकटते.

बाई : म्हणून तर ह्या धड्यात तुम्ही नापास होत नाही. न आवडण्याचं येतं का?

सर : पुढे नुसता ‘नो’ लावायचा. नो मे गुस्ता. त्यात काय आहे?

बाई : तुमच्या वहीत एकही ‘नो’ दिसला नाही, म्हणून विचारलं.

सर : कशाला हवाय? नातीला बापाबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात की वाईट?

बाई : आवडत नव्हतं म्हणजे वाईट कसं? आणा ती वही. ‘बाबाला पहाटे उठायला आवडायचं.’ ‘बाबाला गार दूध आवडायचं.’ ‘बाबाला शिस्त आवडायची.’ काय सर, खरंच?

सर : वाक्यं बरोबर आहेत ना? मग पुढे चला.

बाई : वाक्यं बरोबर आहेत. पण दहा वर्षांच्या कुठल्या पोराला शिस्त आवडते, तेवढं सांगा.

सर : मग काय सांगू मी तिला? नऊ वर्षांची पोर. बापाला जाऊन दोन वर्षं झाली. दर रविवारी फोनवर एकच विचारते, आजोबा, पापाला काय आवडायचं? तिला वाटतं, तिच्या जन्माआधीचा सगळा बाप माझ्याकडे कपाटात घडी घालून ठेवलाय. आणि कपाट रिकामं, बाई. एकोणिसाव्या वर्षी तो समुद्रापार गेला, तिथेच लग्न केलं. वर्षातून एकदा फोन यायचा. तब्येत बरी? बरी. पाऊस झाला? झाला. ठेवतो. शेवटी शेवटी तेही बंद.

बाई : म्हणून रचून सांगता.

सर : रचून कसं? आवडत असणार की. मुलांना आवडतं ते सगळं. आणि ती किती मनावर घेते! गार दूध सांगितलं, तर रोज गार दूध पिते. पहाटे उठते. सून सांगत होती, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं.

बाई : ह्या पानाचा कोपरा का दुमडलाय?

सर : ते राहू द्या. ते सांगून झालं कधीच.

बाई : ‘आ तू पापा ले गुस्ताबा नादार.’ तुझ्या बाबाला पोहायला आवडायचं. हे मला न दाखवता सांगितलंत तुम्ही.

सर : सोपं वाक्य होतं. चूक आहे का काही?

बाई : एकही नाही.

सर : मग झालं तर.

बाई : सर, मी होते तिथे. सकाळी सहाची तुकडी. तुमचा मुलगा आणि मी एका वयाचे.

सर : म्हणूनच दाखवलं नाही. झालं समाधान? आता कामाचं बोलू. आज सकाळी तिचा निरोप आलाय, आवाजातला. रविवार नसताना. वीस वेळा ऐकला. ‘पापा’ कळलं, ‘आग्वा’ म्हणजे पाणी कळलं, ‘गुस्ताबा’ कळलं. बाकी पोरगी अशी भरभर बोलते, आगगाडी सुटल्यासारखी. पण शेवटी हसते. तेवढं ऐका आणि सांगा मला, हसते ना?

बाई : लावा.

(फोनवर लहान मुलीचा आवाज. मागे बंदिस्त जागेत घुमणारा पाण्याचा आणि शिट्ट्यांचा गलका. शब्द संपतात, मग काही क्षण नुसती बारीक टकटक.)

सर : हसते ना?

बाई : पुन्हा लावा. शेवटचं.

सर : हसतेच आहे. लहान मुलं हसतात अशी, तोंड दाबून.

बाई : सर, हे हसणं नाही.

सर : मग काय आहे?

बाई : तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर वीस वेळा ऐकलं नसतंत.

सर : तू सांग. माझ्या तोंडून नको.

बाई : दात वाजतायत. ओल्या अंगानं काठावर उभी आहे पोर.

सर : खिडकी लावता का जरा? नको, राहू दे. उघडीच असू दे.

बाई : पाणी देऊ?

सर : पाणी नको. बसा. एक सांगतो, हसू नका. माझ्या न्हाणीघरातून हा आवाज येतो. दोन वर्षं झाली. मी तोंड धुतो, नळ बंद करतो, दार लावून बाहेर येतो, की दाराआडून सुरू. हाच. आधी वाटलं, तावदान सैल झालंय. सुतार आणला. त्यानं तावदान घट्ट बसवलं, आवाज तसाच. मग नळदुरुस्तीवाला आला. म्हणाला, पाइपात हवा धरलीय, आजोबा. काढली हवा. तरी आहेच. दार उघडलं की थांबतो, लावलं की पुन्हा. शेवटी मी टॉवेल ठेवायला लागलो.

बाई : टॉवेल?

सर : आतल्या खुंटीला. झोपण्याआधी रोज एक कोरडा टॉवेल. तलावावर मी माझ्या मुलाला देत नव्हतो ना. उडी मारल्याशिवाय टॉवेल नाही, असा नियम होता माझा. बाकीच्या पोरांना नव्हता. फक्त त्याला.

बाई : सकाळी ओला असतो?

सर : हात लावून बघत नाही मी. चिमट्यानं उचलतो आणि वाळत टाकतो.

बाई : आई गं.

सर : वेड लागलंय म्हणा खुशाल. म्हातारचळ म्हणा.

बाई : मी कशाला म्हणू? अजून कुणी टाळ्या वाजवल्या की मी उठून बाहेर जाते. तुम्ही आम्हाला मोजायला लावायचात, आठवतं? तो पायरीवर, दांडी घट्ट धरून, ओठ निळे पडलेले. आणि आम्ही तीसजण काठावरून, एक, दोन, तीन. त्यानं उडी मारली नाही की टाळ्या. थट्टेच्या. सगळ्यांत जोरात माझ्या, सर. बेडकी मारते उडी आणि सरांचा मुलगा मारत नाही! मला ते फार आवडायचं. आता सांगतानाही लाज वाटते, पण आवडायचं.

सर : तू आठ वर्षांची होतीस. मी चाळीस वर्षांचा घोडा होतो. तुझं माझं एका तागडीत नको घालू.

बाई : एवढा हट्ट का होता पण?

सर : लोक हसतील म्हणून. दुसरं काय! गावच्या पोरांना पोहायला शिकवणारा मी, आणि घरचं पोर पाण्याला भितं. दिव्याखाली अंधार. कुणी म्हणत नव्हतं, मलाच ऐकू यायचं. बरं, ते असो. पोर काय म्हणतेय ते सांगा. एकही शब्द गाळू नका.

बाई : म्हणते, ‘आजोबा, उद्या परीक्षा आहे. उंच फळीवरून उडी मारायची. मला पाणी आवडत नाही. मला कधीच आवडलं नाही. माझ्या पोटात दुखतं. आईला सांगितलं नाही, ती म्हणेल सोडून दे. पण पापाला आवडायचं, मग मलाही आवडेल. आधी पापाला भीती वाटली असेल ना? मग त्याला आवडायला कसं लागलं, ते मला सांगा. उडी मारायच्या आधी सांगा.’ एवढंच आहे. मग ते दात.

सर : उद्या. म्हणजे अजून वेळ आहे.

बाई : कुठला वेळ? निरोप तिकडच्या संध्याकाळी पाठवलाय. तिकडे आता उजाडायला आलंय. तिचं उद्या म्हणजे आपलं आज. तीन-चार तासांत ती फळीवर असेल.

सर : मग तिला सांगा, भिऊ नकोस. पहिल्या उडीनंतर भीती मोडते. हजारभर पोरांची मोडलीय मी. गुडघे सैल, नजर समोर, श्वास...

बाई : सर.

सर : ...आणि खाली बघू नकोस म्हणावं.

बाई : सर, तुम्ही पुन्हा शिट्टी तोंडात धरलीय.

सर : मग काय करू? खरं सांगू? की बाळ, तुझा बाप पाण्याला भ्यायचा, मी त्याला त्यात लोटलं? एक दिवस खरोखर लोटलं, माहीत आहे? तुम्ही सगळे घरी गेल्यावर. बाहेर काढलं तेव्हा रडलासुद्धा नाही. कपडे घातले, शाळेत गेला. त्या दिवसापासून त्यानं मला काही मागितलं नाही. वही नाही, चप्पल नाही, काही नाही. हे नऊ वर्षांच्या पोरीला सांगू?

बाई : हे सगळं नका सांगू. पण ‘आवडायचं’ हे तरी काढून घ्या. त्या एका शब्दाच्या जोरावर ती वर चढणार आहे.

सर : आणि तिनं फोन बंद केला तर? बोलायला सोपं आहे हो तुम्हाला. बायको कधीच गेली. पोरगा गेला. माझ्याकडे आठवड्यातला एक रविवार शिल्लक आहे, त्यातली वीस मिनिटं. मागच्या खेपेला म्हणाली, मे गुस्ता आब्लार कोन्तीगो. मला तुमच्याशी बोलायला आवडतं. जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. बायकोनंही नाही. मी ते वहीत लिहून ठेवलंय, मागच्या पानावर. तेवढंही घालवून बसू?

बाई : एक विचारू? वर्षभर विचारीन म्हणत होते. सत्तरीला आलेला माणूस एके दिवशी जिना चढून येतो आणि म्हणतो, मला स्पॅनिश शिकवा. नातीशी बोलायचंय, असं म्हणालात तुम्ही. पण नात तर त्याआधी आठ वर्षं होतीच की. तेव्हा नाही आलात.

सर : तुम्हा मास्तरणींच्या नजरेतून काही सुटत नाही.

बाई : सांगायचं नसेल तर राहू द्या.

सर : सुनेचा फोन आला होता, तो गेला त्या दिवशी. मी तिच्याशी तोवर कधी बोललो नव्हतो. ती रडत होती आणि बोलत होती, रडत होती आणि बोलत होती. मला एक अक्षर कळेना. मध्ये मध्ये त्याचं नाव. मला वाटलं, भांडण झालं असेल नवराबायकोचं. मी म्हणत राहिलो, अहो, त्याला द्या फोन. त्याच्याकडे द्या. जोरात म्हणालो, ऐकू येत नसेल म्हणून. त्याला द्या ना फोन! ती बिचारी आणखी रडायला लागली. शेवटी मी वैतागून ठेवून दिला. तीन आठवड्यांनी इंग्रजीत पत्र आलं, तेव्हा कळलं. जेवता जेवता डोक्यातली शीर फुटली म्हणे.

बाई : आणि मग तुम्ही इथे आलात.

सर : लगेच नाही. वर्ष गेलं. पण ठरवलं होतं, पुन्हा तिकडून कुणी रडून काही सांगितलं, तर ते मला कळलं पाहिजे. बास. म्हणून आलो.

बाई : मग आज कळलंय तुम्हाला. वेळ आहे अजून, सर.

सर : माझ्याकडे त्याच्या जागी द्यायला काही नाही, बेडके. पोहणं काढून घेतलं तर उरतं काय? मला खरंच ठाऊक नाही त्याला काय आवडायचं.

बाई : मला ठाऊक आहे.

सर : तुला?

बाई : तलावामागची पंपाची खोली. तो सारखा तिथे असायचा.

सर : लपायचा तिथे. पंपवाला त्याला पाठीशी घालायचा. मी कान धरून आणायचो बाहेर.

बाई : लपायला जायचा, ते पहिले काही दिवस. मग त्याला आवडायला लागलं. मला एकदा घेऊन गेला होता, मी चिडवणार नाही अशी शप्पथ घालून. पंपाच्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाला, ऐक, आतलं बेअरिंग गेलंय. पंपवाले काका हसले. चार दिवसांनी पंप बंद पडला, तलाव रिकामा करावा लागला. बेअरिंगच निघालं. दहा वर्षांचा होता तो, सर. आणि काय फुलला होता! तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?

सर : पंपवाला एकदा म्हणाला होता, तुमच्या पोराच्या हातात जादू आहे. मी म्हटलं, पायात आणा, मग बोला.

बाई : तिकडे काय काम करायचा तो?

सर : लिफ्ट दुरुस्तीचं.

बाई : मग?

सर : लिफ्टवाल्यांच्या कंपनीत कसा लागला, असं विचारत होतो मी स्वतःला इतकी वर्षं.

बाई : घ्या, लिहा. ‘ले गुस्ताबान लास माकिनास.’ त्याला यंत्रं आवडायची. एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून ‘गुस्ताबान’. पंपाची गोष्ट मी तुम्हाला सोप्या वाक्यांत करून देते. पण त्याआधीचं वाक्य तुमचं तुम्ही करायचं. तुम्हाला येतं.

सर : आ तू पापा... नो ले गुस्ताबा एल आग्वा. तुझ्या बाबाला पाणी आवडायचं नाही. बरोबर?

बाई : बरोबर.

सर : पहिला ‘नो’ माझा. आणि खोटं बोललो, हे कसं म्हणतात?

बाई : मेन्ती. मी खोटं बोललो.

सर : मेन्ती. किती लहान शब्द आहे. आणि तो भ्यायचा तेव्हा मी ओरडायचो, माझं चुकलं, हे?

बाई : ते मी लिहून देते. वाचताना घाई करू नका. धरा फोन. दाबू?

सर : थांबा. आवाज नीट येईल ना माझा? ओरडल्यासारखा नको यायला. आधी ‘हॅलो, माझ्या पोरी, आजोबा बोलतोय’, मग पाणी ‘अजिबात आवडायचं नाही’, मग मेन्ती. हं. दाबा. ‘ओला, मी नीन्या. सोय एल आब्वेलो. आ तू पापा नो ले गुस्ताबा एल आग्वा. नो ले गुस्ताबा नादा. मेन्ती.’ आता पंपाचं. दोन्ही पानं आहेत का? हां.

बाई : वाचा. मी आहे.

सर : झालं. सगळं वाचलं ना मी? एक ओळ गाळली का?

बाई : एकही नाही. शेवटचं तर मी लिहून दिलेलं नव्हतं.

सर : ‘नो ते गुस्ता, नो साल्तेस.’ तुला आवडत नसेल तर उडी मारू नकोस. बरोबर आहे का ते?

बाई : ‘सी’ हवं पुढे. ‘सी नो ते गुस्ता.’ पण कळेल तिला.

सर : गेला का निरोप?

बाई : गेला. ऐकलाही तिनं. ती उठलेलीच असणार, पहाटे उठायचं तुम्हीच लावून दिलंत.

सर : आता ती बोलायची नाही. नको बोलू दे. फळीवर नाही चढली म्हणजे मिळवलं.

बाई : आला, सर. आला तिचा. छोटासाच आहे. लावते.

सर : काय म्हणते? रडते का?

बाई : नाही. विचारते, ‘आजोबा, मी उडी मारली नाही तर तुम्ही माझ्यावर रागावणार का?’

सर : पुन्हा सांगा.

बाई : ‘मी उडी मारली नाही तर तुम्ही रागावणार का?’

सर : हेच. अगदी हेच विचारलं होतं त्यानं. लोटलं त्याच्या आधी. मान वर करून, माझ्याकडे बघून. मी उत्तर दिलं नाही.

बाई : ती थांबलीय, सर. द्या उत्तर. हे घ्या, दाबलंय मी.

सर : नाही रे बाळा. नाही रागावणार. ये वर, ये. अंग पुस आधी.

बाई : सर... तिला हे कळणार नाही. आणि ती मुलगी आहे.

सर : हे तिला नव्हतं. पुन्हा दाब. तिला आता सांगतो.